माझ्या योगाभ्यासाचा श्रीगणेशा

वार्षिकांकाचे दिवस आले की संपादक मंडळापैकी कोणी ना कोणी माझ्या वर्गाच्या दाराशी ‘बाई, लेख?’ म्हणून उभे राहते, आणि मी दरवर्षी एखाद्या संतकवीच्या आड दडून वेळ मारून नेते. यंदा तसे करावयाचे नाही असे ठरविले आहे. यंदा मी एका वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसले, आणि त्या वर्गात माझा क्रमांक शेवटून पहिला होता. तेव्हा ही हकिकत तुमच्यापुढे मांडणे मला भाग आहे. शिवाय तीत तुमच्याजवळ द्यावयाची एक कबुलीही आहे.

गोष्ट २१ जूनची. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला व २०१५ पासून तो सर्वत्र पाळला जातो, हे तुम्हांला तोंडपाठ आहे. कारण भाषणासाठी ते वाक्य मीच तुमच्याकडून घोकून घेतले आहे. त्या दिवशी धारवाडचा पाऊस आपल्या लौकिकाला जागून पहाटेपासून कोसळत होता. मैदानावर तांबड्या मातीचा चिखल, म्हणून कार्यक्रम सभागृहात घेतलेला. व्यायामशिक्षक रजेवर, म्हणून सूचनांचा छापील कागद माझ्या हाती आलेला. मी व्यासपीठावर उभी राहून खणखणीत आवाजात वाचू लागले, “गुडघे न वाकवता पुढे वाका. हातांची बोटे पायांच्या अंगठ्यांना लावा.” तुम्ही वाकलात. ज्यांचे हात पोहोचले नाहीत त्यांना मी नावे घेऊन टोकलेही. इतक्यात पहिल्या रांगेतील पाचवीचा एक मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, “बाई, तुम्ही एकदा करून दाखवा ना!”

मी घड्याळाकडे पाहिले आणि “आता वेळ नाही” असे उत्तर दिले. वेळ होता, हे घड्याळाला आणि मला ठाऊक होते.

घरी आल्यावर खोलीचे दार लावून मी तो प्रयोग करून पाहिला. माझी बोटे गुडघ्यांच्या खाली जेमतेम चार अंगुळे उतरली आणि तेथेच थबकली. मला पहिल्याने हसू आले, मग थोडी लाज वाटली. बी. ए. च्या वर्गात ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय मी मोठ्या आवडीने अभ्यासला होता. वज्रासनाचे आणि कुंडलिनीच्या जागृतीचे ते वर्णन, त्यातील उपमांची श्रीमंती, यांवर पानेच्या पाने लिहून मी उत्तम गुणही मिळविले होते. परंतु ते आसन कोणीतरी खरोखरीच जमिनीवर बसून घालावयाचे असते, हा विचार त्या परीक्षेच्या आधी वा नंतर माझ्या मनास शिवला नव्हता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी साधनकेरीच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील एका घराच्या माडीवर चालणाऱ्या वर्गात नाव घातले. हीच ती साधनकेरी, जिच्या काठी कविवर्य बेंद्रे राहात असत. पहाटे साडेपाचला धुक्यात तळे दिसत नाही, बेडकांचा आवाज तेवढा ऐकू येतो. वर्ग चालविणाऱ्या बाईंचे वय साठीच्या पुढचे. त्यांना सगळेजण ‘अक्कोरू’ म्हणतात. आमच्या या भागात कन्नड शाळेतील शिक्षिकेला याच नावाने हाक मारतात, हे तुम्हांला सांगावयास नको. मी कारवारकडची, घरची भाषा कोंकणी, पोटापाण्याची भाषा मराठी, आणि बाजारातील कन्नड. रिक्षावाल्याला ‘एड’ आणि ‘बल’ सांगताना माझी कधी चूक होत नाही. परंतु कमरेत वाकून डोके गुडघ्यांशी नेल्यावर डावे कोणते आणि उजवे कोणते हे कोणत्याही भाषेत समजेनासे होते, हा अनुभव मला तेथे प्रथम आला.

पहिल्या दिवशी अक्कोरूंनी आम्हां नवशिक्यांना केवळ उभे केले. त्याला ताडासन म्हणतात. पावले जुळवून, टाचा आणि अंगठ्यांची मुळे जमिनीवर सारखी टेकवून, गुडघ्यांच्या वाट्या किंचित वर खेचून उभे राहावयाचे. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मला राहवेना. मी म्हणाले, “अक्कोरू, मी शिक्षिका आहे. रोज पाच-पाच तास उभीच असते. उभे राहणे मला येते.” त्या काही बोलल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी मला जिन्याच्या तोंडाशी नेले आणि तेथे काढून ठेवलेल्या माझ्या चपला उलट्या करून दाखविल्या. उजव्या चपलेची टाच पार झिजलेली, डावीची जवळजवळ नवी. बारा वर्षे मी एका पायावर शिकवीत आले होते म्हणावयाचे! कमर का दुखते, याचे उत्तर मी वैद्यांकडे आणि डॉक्टरांकडे शोधत होते. ते रोज सकाळी दाराशी काढून ठेवीत होते.

त्यानंतरचे दोन आठवडे बरे गेले. तुमच्यापैकी कोणाला प्रारंभ करावयाचा असेल तर एवढे सांगते की, पोट रिकामे हवे. जेवणानंतर निदान तीन-चार तास जाऊ द्यावेत. अंगाखाली घडी केलेली जाड चादर किंवा घोंगडी पुरते, महागडी सतरंजी लागत नाही. श्वास कोंडू नये. आणि ज्या दिवशी ताप असेल, सांधा दुखत असेल, त्या दिवशी मुकाट्याने बसून इतरांचे पाहावे. मात्र हे सारे पुस्तकातूनही कळते. जे कळत नाही ते पुढे घडले.

तिसऱ्या आठवड्यातील एका पहाटे माडीवर पाऊल टाकले तो समोर आपल्याच शाळेतील नववीची एक मुलगी अंथरूण पसरीत असलेली दिसली. ती आपल्या आजीबरोबर तीन वर्षांपासून तेथे येत असे, आणि आजीच्या आजारपणामुळे मध्यंतरी महिनाभर आली नव्हती. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. हा मजकूर मात्र तिला दाखवून आणि तिची संमती घेऊनच छापावयास दिला आहे. मराठी वाचताना ती अडखळते. घरी कन्नड, शेजारी कन्नड; शाळेतील मराठी तिला प्रत्येक ओळीला नव्याने भेटते. ओळीच्या मध्ये ती थांबते, तो शब्द मनात लावून पाहते आणि मग पुढे जाते. त्याच्या दोनच दिवस आधी प्रकट वाचनाच्या तासाला मी तिला दोनदा ‘लवकर, लवकर’ म्हणाले होते आणि तिसऱ्यांदा ‘बस खाली’ म्हणाले होते. ती बसली होती. पुढचा परिच्छेद शेजारच्या मुलाने घडघडा वाचून दाखविला होता, आणि मी त्याला शाबासकी दिली होती.

तिने मला नमस्कार केला. मी मान हलविली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

त्या दिवशी पश्चिमोत्तानासन होते. पाय लांब करून बसावयाचे आणि कमरेतून पुढे वाकून पावले धरावयाची. नवशिक्यांसाठी अक्कोरू तळपायांभोवती कापडी पट्टा अडकवावयास देतात. पट्ट्याची टोके हातांत धरली की पावले दूर असली तरी पाठ गोल होत नाही. माझ्या उजव्या हाताला ती मुलगी सहज, जणू पुस्तक मिटावे तशी, पायांवर मिटली. मला काय वाटले हे सांगणे कठीण आहे. आपल्या वर्गातील मागे पडणारी मुलगी शेजारी अशी शांत पडली असता मी पट्टा धरून लोंबकळत राहावे, हे मला सोसवेना. मी पट्टा टाकला, दोन्ही हातांनी पिंढऱ्या घट्ट धरल्या आणि स्वतःला पुढे खेचले.

उजव्या मांडीच्या मागे काहीतरी सटकन ताणले गेले.

पुढचे तीन आठवडे मी शाळेचा जिना कठड्याला धरून चढत होते, हे तुम्ही पाहिले आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्या वह्या उचलून वर नेल्या. काय झाले असे विचारणाऱ्यांना मी ‘ओल्या पायरीवरून पाय घसरला’ असे सांगितले. मित्रहो, तीच ती कबुली. पायरी कोरडी होती.

सक्तीच्या विश्रांतीत मी योगाविषयी वाचावयास घेतले. वाचनाने तरी मांडी ताणली जात नाही! पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांत आसनाकडून अपेक्षा आहे ती स्थैर्याची आणि सुखाची. अंगठे धरण्याचा उल्लेख कोठेही नाही, हे पाहून मला काहीसे हायसे वाटले. महाराष्ट्रातील दोन नावेही नव्याने भेटली. एक औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्कारांना आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून नेले. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे. अमळनेरला अध्यापन करणारा हा गृहस्थ पुढे स्वामी कुवलयानंद झाला, आणि त्याने १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून, आसनांनी शरीरात प्रत्यक्ष काय घडते हे क्ष-किरणादी उपकरणांनी तपासावयास आरंभ केला. आमच्यातलाच एक शिक्षक, म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान वाटला.

परंतु जी कथा वाचून मी पुस्तक मिटून बसले ती आपल्या गावची आहे. बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूर गावी १४ डिसेंबर १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण दारिद्र्यात आणि आजारपणात गेले. हिवताप, विषमज्वर, क्षय, काहीच चुकले नाही. हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेले, डोके जड. शालेय परीक्षेत ते नापास झाले. १९३४ साली म्हैसूरला बहिणीचे यजमान कृष्णमाचार्य यांच्याकडे ते राहावयास गेले, आणि तेथे योगाचा आरंभ झाला तेव्हा पुढे वाकल्यावर त्यांचे हात गुडघ्यांच्या आसपासच थांबत असत. हे वाक्य मी दोनदा वाचले. कृष्णमाचार्य मोठे विद्वान, परंतु कमालीचे कडक गुरू होते. हा किडकिडीत मेहुणा काही करून दाखवील अशी त्यांचीही प्रथम अपेक्षा नव्हती.

१९३६ साली म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने कृष्णमाचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकात योगाची प्रात्यक्षिके दाखवीत हिंडले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. येथील कार्यक्रमानंतर काही स्त्रियांनी, आम्हांलाही हे शिकावयाचे आहे, अशी इच्छा प्रकट केली. आता स्त्रियांना शिकवावयाचे कोणी? शिष्यांमध्ये वयाने सर्वांत लहान तो सतरा-अठरा वर्षांचा अय्यंगार. म्हणून त्या कामावर त्याची नेमणूक झाली. ज्यांनी पुढे साऱ्या जगाला शिकविले त्यांच्या शिक्षकपणाचा प्रारंभ असा या धारवाडात, इथल्या बायकांपुढे झाला. त्याच दौऱ्यात बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्यांना पाहिले. निवृत्त होऊन पुण्यास गेल्यावर १९३७ साली डॉक्टरांनी त्यांना सहा महिन्यांसाठी तेथे बोलाविले. डेक्कन जिमखान्यावर येणारे विद्यार्थी या गुरूपेक्षा धडधाकट होते, आणि गुरूला मराठी येत नव्हते. सहा महिन्यांसाठी आलेला तो तरुण पुण्याचाच होऊन राहिला. २० ऑगस्ट २०१४ रोजी त्यांचे देहावसान झाले तेही पुण्यातच. पट्टा, लाकडी वीट, खुर्ची, भिंतीचा दोर, ही जी साधने मी कमीपणाची म्हणून झिडकारली, ती आज जगभर पोहोचली आहेत ती त्यांच्यामुळे. ज्याचे स्वतःचे अंग वाकत नव्हते त्यालाच न वाकणाऱ्या अंगाची दया आली, असे मला वाटते. हे माझे मत. ग्रंथात तसे लिहिलेले नाही.

त्या स्त्रियांचाही विचार माझ्या मनात वारंवार येतो. १९३६ च्या धारवाडात चारचौघांच्या समोर ‘आम्हांलाही शिकवा’ असे म्हणणे सोपे नसले पाहिजे. आणि मी मात्र एका नववीतल्या मुलीसमोर पट्टा धरावयास लाजले.

श्रावण लागला तशी मी पुन्हा माडीवर गेले. अक्कोरू रागावल्या नाहीत, “मांडी काय म्हणते?” एवढेच त्यांनी विचारले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी सरकविली, हातांत पट्टा दिला आणि माझ्या टाचा धरावयास त्या मुलीला पाठविले. ती आली आणि माझ्या पायांशी थबकली. बाईंच्या पायांना असा हात कसा लावावा, हे तिला कळेना. शेवटी तिने वाकून आधी माझ्या पावलांना रीतसर नमस्कार केला, हात डोळ्यांना लावला, आणि मग दोन्ही टाचा घट्ट धरल्या. माडीवरच्या सगळ्या बायका हसल्या. आम्ही दोघीही हसलो.

“उसिरु तगोरी,” अक्कोरू म्हणाल्या. मी श्वास घेतला. “उसिरु बिडरी.” सोडला. सवयीने मी पुन्हा ओढू लागले, तेव्हा ती मुलगी अगदी हळू आवाजात, शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाली, “बाई, सावकाश.” पाठोपाठ अक्कोरूंचा आवाज आला, “सावकाशऽ.” त्या कन्नडात बोलत होत्या. इकडच्या कन्नडात तो शब्द जसाच्या तसा आहे. आणि लहानपणी कारवारला विहिरीच्या ओल्या पायऱ्या उतरताना आई मागून “सवकास गो बाय” म्हणून हाक देत असे, ती कोंकणीतली. तीन भाषांमध्ये वावरणाऱ्या मला तिन्हींत मिळालेला हा एकच शब्द, आणि वर्गात बारा वर्षांत तो मी किती वेळा उच्चारला असेन? ‘लवकर’ मात्र रोज.

तेव्हापासून नेमाने जाते आहे. मध्ये गणपतीत चार दिवस बुडाले, दसऱ्यात दोन. शवासन सर्वांत सोपे असेल असा माझा समज होता. नुसते उताणे पडावयाचे. पहिल्या महिन्यात त्यात मला एक तर उद्याच्या तासाची टिपणे आठवत, नाही तर झोप लागे. एकदा मी घोरले, असे शेजारच्या आजीबाई म्हणतात. त्यांचे म्हणणे मी अद्याप मान्य केलेले नाही. सप्टेंबरात एका सकाळी प्रथमच मला माझा श्वास आत जाताना आणि बाहेर येताना, मी काही न करता, कळला. फार तर आठ-दहा श्वास. मग खाली दूधवाल्याची घंटा वाजली आणि ते संपले. त्याविषयी अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही.

‘बस खाली’ म्हटल्याबद्दल मी तिची क्षमा मागितली ती त्याच महिन्यात, माडीच्या जिन्यावर, चपला घालता घालता. ती म्हणाली, “केव्हा बाई?” ती खरोखरीच विसरली होती की मला अवघड वाटू नये म्हणून तसे म्हणाली, हे मला आजही उमगलेले नाही. तिच्या आजीला विचारावे असे मनात आले होते. मग विचारले नाही.

आज, जानेवारीत, माझी बोटे घोट्यांपर्यंत पोहोचतात. अंगठे अजून दूर आहेत. कमरेचे दुखणे निम्म्याहून कमी झाले आहे. चपलांच्या नव्या जोडाच्या दोन्ही टाचा मी दर रविवारी उलट्या करून पाहते. येत्या २१ जूनला सूचनांचा कागद कोणाच्याही हाती असो, मी खाली तुमच्या रांगेत पट्टा घेऊन बसेन, आणि पाचवीतून सहावीत गेलेल्या त्या मुलाने माझ्या शेजारी बसावे अशी माझी विनंती आहे. त्याचा प्रश्न अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

गेल्या आठवड्यात नववीला प्रकट वाचनाचा तास होता, मधल्या सुट्टीच्या आधीचा. तिची पाळी आली. ती उभी राहिली आणि वाचू लागली. थांबली. मी खिडकीशी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी होते, आणि तिच्या थांबण्याबरोबर माझा श्वास आत घेत होते. मागच्या बाकावर कोणीतरी शब्द सुचवावयास तोंड उघडले. मी नुसता हात वर केला. तिने शब्द लावला आणि ती पुढे गेली. पुन्हा थांबली, पुन्हा गेली. पान संपत आले असता घंटा झाली. दोन ओळी उरल्या होत्या. बाहेर सगळ्या वर्गांची दारे उघडल्याचा आणि मुलांचा गलका झाला. आमच्या वर्गात कोणी उठले नाही. तिने त्या दोन ओळी वाचल्या, ‘अंतर्मुख’ या शब्दाशी जरा अधिक वेळ थांबली, पूर्णविरामापर्यंत गेली आणि पुस्तक मिटून बसली. मग डबे उघडण्याचे आवाज सुरू झाले.